शेवटच्या घरातला दिवा

देवासमोर भाषण करू नये, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळली, आणि तीही भाषण करून झाल्यावर. माणसांसमोर केलेल्या भाषणाचं एक बरं असतं, ऐकणाऱ्यांना घरी जायची घाई असते. मी मात्र ते केलं कातळावर, भर उन्हात, जागेच्या राखणदाराला साक्षीला ठेवून. त्यापायी मला स्वतःचं चांगलं कौलारू घर सोडून एका खोलीत बिऱ्हाड करावं लागलं. नातवंडांना हे सांगितलं की ती विचारतात, आजी, तू तेव्हा लहान होतीस का? मी म्हणते, नाही रे, मी तेव्हा नगरसेविका होते.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, खाडीच्या तोंडाशी. नाव सांगत नाही, कारण यातली काही मंडळी अजून बाजारात भेटतात आणि भेटली की चहा पाजतात. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, आणि आमच्या ह्यांना उभं राहायचं होतं म्हणून मी उभी राहिले. ह्यांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. मी निवडून आले तरी लोक कामं घेऊन दुकानातच जायचे, आणि हे पातेली विकता विकता गटारांची गाऱ्हाणी ऐकायचे. मग एका सभेत मी तोंड उघडलं. त्यानंतर ते मिटवणं कुणाला जमलं नाही.

तोंड उघडायला कारण झाली काकी. काकी म्हणजे आमची आळी झाडणारी बाई, संगमेश्वरकडच्या खेड्यातून लग्न करून इकडे आलेली. नवरा पंचायतीच्या पाणीखात्यात, गावाला नळाचं पाणी सोडण्याच्या कामावर. दोघं खाडीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहायची. उधाण आलं की खाडीचं पाणी थेट चुलीपर्यंत यायचं, आणि प्यायचं पाणी मात्र लांबच्या नळावरून डोक्यावर आणावं लागायचं. अख्ख्या गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाच्या घरात नळ नव्हता. हे मी सभेत बोलले तेव्हा टाळ्या पडल्या. मला वाटलं, प्रश्न सुटला.

काकीला टाळ्यांचं काही नव्हतं. पूर्वी ग्रामपंचायत असताना कामगारांसाठी टेकाडावर एक चाळ बांधली होती. नारळ फुटला, फोटो निघाले, लोक राहायला गेले. पाणी मात्र वर चढलंच नाही. हंडे वाहून वाहून मानेचे काटे ढिले झाले तेव्हा एकेक बिऱ्हाड खाली उतरलं, त्यात काकीचंही होतं. चाळीत पुढे कुणाच्या तरी शेळ्या राहायला आल्या. त्यामुळे पंचायत आता तुम्हा कामगारांसाठी पक्की घरं बांधणार आहे, ही बातमी मी मोठ्या थाटात दिली तेव्हा तिने झाडू न थांबवता एवढंच विचारलं, "आनि पानी?"

येईल की, म्हणाले मी. आमच्या परसात विहीर आहे. रहाट ओढला की पाणी येतं, एवढंच माझं त्या विषयातलं ज्ञान.

पण घरांच्या मागे मी लागले, ते खरं. जागा पंचायतीची, गावाच्या वरच्या कातळावर, पैसा शासनाच्या योजनेचा, हप्ता कामगारांना झेपेल असा. हे तीन ओळींत लिहून झालं. प्रत्यक्षात रत्नागिरीच्या फेऱ्या मारून माझ्या चपलांनी तीनदा टाच बदलली. गावातल्या बड्या मंडळींनी हरकत घेतली की कातळावर इमारत झाली तर त्यांच्या गच्चीतून समुद्र दिसणार नाही. मी म्हटलं, समुद्र दिसत नसेल तर खाली उतरून बघा, जागेवरच आहे. नकाशात गॅलरी नव्हती, ती मी भांडून घालून घेतली, कारण आमच्याकडच्या माणसाला कपडे आणि सुकट वाळवायला जागा नसेल तर त्याला घर म्हणत नाहीत. एवढी हुशार होते मी. नकाशात नळही होते, टाकी होती. टाकीपर्यंत पाणी कुठून येणार हे कुणी दाखवलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मग आला भूमिपूजनाचा दिवस. आमच्या भागात नवं काही सुरू करायचं तर भटजींची पूजा वेगळी आणि गाऱ्हाणं वेगळं. जागेचा जो राखणदार असेल त्याला नारळ ठेवायचा आणि गावकर, म्हणजे गावातला मानाचा वयस्क माणूस, देवाशी बोलतो. तो एकेक वाक्य बोलतो आणि जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." एकदा सगळ्यांनी हो म्हटलं की तो शब्द एकट्याचा राहत नाही.

त्या दिवशी गावकर नेहमीप्रमाणे सुरू झाले. पण म्हातारा माणूस, आवाज खोल गेलेला, वारा सगळे शब्द समुद्राकडे घेऊन चाललेला. तेवढ्यात रत्नागिरीहून वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. मला काय सुचलं कोण जाणे, मी पदर खोचून पुढे झाले आणि गावकरांना म्हटलं, तुम्ही दमलात, थोडं मी घालते. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं तिथे कुणी पाहिलं नव्हतं. पण नगरसेविकेला थांबवणार कोण?

सुरुवात मी बरी केली. बा राखणदारा, हे काम तडीस ने, म्हाराजा. व्हय म्हाराजा. काम करणाऱ्यांच्या हातापायाला इजा होऊ देऊ नको, म्हाराजा. व्हय म्हाराजा. इथे गप्प बसले असते तर आज हे लिहायला काही नव्हतं. पण लोक इतक्या एका सुरात हो म्हणतायत हे सुख मला सभेत कधी मिळालं नव्हतं. मी चढले. म्हटलं, ह्या इमारतीत पहिली चूल मी पेटवीन, म्हाराजा, आणि शेवटच्या घरात दिवा लागेपर्यंत इथून बिऱ्हाड हलवणार नाही, म्हाराजा.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा." काकी. तिच्यामागून सगळे.

परतताना गावकर माझ्याशेजारून चालत होते. म्हणाले, "बाईनू, भाषनात बोलतात तसा बोललात तुमी. पन तो काय मतदार न्हवं."

घरी हे मला धीर देत होते, की नगरपंचायतीचं बांधकाम आहे, आपल्या हयातीत पुरं होत नाही. मलाही ते पटलं. पण माझ्या नशिबाने ठेकेदार प्रामाणिक निघाला. आयुष्यभर मी चांगल्या ठेकेदाराची वाट पाहिली आणि तो नेमका तेव्हा यायचा होता. इमारत उभी राहिली, भिंती सरळ, गॅलरी रुंद, रंग पिवळा. गणपतीच्या आधी किल्ल्या वाटल्या. मी भाषण केलं, पण या वेळी फक्त माणसांसमोर.

गणपती गेले, पितृपंधरवडा गेला, तरी वर कुणी राहायला जाईना. मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, घरं अशीच बंद पडून राहिली तर वरून विचारणा येईल की गरज नव्हती तर बांधली कशाला, आणि मग ती दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतील. मी तरातरा खाडीवर काकीच्या खोलीवर गेले. आजूबाजूची बिऱ्हाडंही जमली. मी त्यांना अंधश्रद्धेवर एक छोटं व्याख्यान दिलं. मुहूर्त, पंधरवडा, अमावस्या यांत अडकून राहिलात तर हातची घरं जातील, असं बरंच काही. काकीने मला बसायला पाट दिला, चहा दिला, व्याख्यान पुरतं संपू दिलं.

मग म्हणाली, "मॅडम, आमी कुटं नाय म्हनतोय? पन पयली चूल तुमची पेटायची हाय ना. आमी तुमची वाट बगतोय."

चहा माझ्या नाकात गेला.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, काहीतरी मार्ग काढा. हे म्हणाले, मार्ग आहे, स्कूटरवरून दहा मिनिटं लागतात, सोडून येतो. सासूबाई तोवर माझी पिशवी भरायला बसल्या होत्या. इतक्या उत्साहाने त्यांनी माझं कुठलंच काम केलेलं मला आठवत नाही.

दसऱ्याला मी वर गेले. तळमजल्यावर पंप चालवणाऱ्यासाठी एक खोली ठेवली होती. पाणीच नव्हतं, म्हणून पंप नव्हता, म्हणून खोली रिकामी होती. बोलताना चूल म्हटलं होतं, तेव्हा गॅस चालणार नाही असं गावकरांनी सांगितलं. खोलीच्या दाराशी जांभ्याचे तीन चिरे मांडले. सगळी बिऱ्हाडं बघायला आलेली. कातळावरचा वारा काडी पेटू देईना. मी फुंकर मारली की धूर माझ्याच डोळ्यांत. बायका तोंडाला पदर लावून उभ्या, आणि तो धुरामुळे लावला नव्हता. शेवटी कापूर, मग नारळाची सोडणं, मग कुणीतरी जुनं वर्तमानपत्र पुढे केलं. त्यात भूमिपूजनाचा माझाच फोटो होता. तो लगेच पेटला.

दुसऱ्या दिवसापासून टेंपो यायला लागले. ट्रंका, पिंपं, गाद्या, एक बोकड, दोन टीव्ही. काकीची जागा तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात, शेजारी तिच्या नणंदेची. काकीने सामान आणून आपल्या खोलीत ठेवलं, कडी लावली, आणि स्वतः नवऱ्यासकट नणंदेकडे राहिली. म्हणाली, आमची वास्तू चांगल्या दिवशी करायची हाय, तेव्हाच दिवा लावीन.

पाण्याचा टँकर एक दिवसाआड येणार असं ठरलेलं होतं. मुख्य पाईपलाईन पंधरा दिवसांत वर येईल, असं इंजिनिअर म्हणाले. पहिल्या ठरलेल्या दिवशी टँकर आलाच नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या बादलीकडे बघत बसले. मग फोन उचलला आणि इंजिनिअरला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुपारच्या आत टँकर आला. पुन्हा कधी चुकला नाही. तो चढ चढू लागला की ड्रायव्हर खालूनच हॉर्न वाजवायचा, म्हणजे मला ऐकू जावं.

मी काही तिथे तपश्चर्या करत नव्हते. सकाळी चूल पेटवून खाली घरी जायचे, दुकान, सभा, सासूबाई, सगळं उरकून तिन्हीसांजेला वर. नोकरीवर गेल्यासारखी. पण तेवढ्यातही माझं शहाणपण थांबेना. जिन्यात मी स्वतःच्या हाताने पाटी लावली, पाणी जपून वापरा. दोन दिवसांनी नणंदेची सून माझ्या दारात येऊन प्रेमाने म्हणाली, की आज तुम्ही आंघोळीला दोन बादल्या घेतल्यात, तेवढ्यात आमच्या मजल्याचं भागतं. मी पाटी काढून खोलीत, माझ्या बादलीवर लावली. त्यानंतर इमारतीतल्या बायका मला मॅडम म्हणायच्या थांबल्या आणि वयनी म्हणायला लागल्या.

हळूहळू सगळं सुधारू लागलं. रस्त्यावरचे दिवे लागले. घंटागाडी वर यायला लागली. एसटीची एक फेरी वळण घेऊन कातळापर्यंत येऊ लागली. मी ह्यांना सांगायची, बघा, प्रशासन जागं करायला लागतं. माझ्या पाठपुराव्याचं केवढं कौतुक मी स्वतःचं स्वतःच केलं. हे रोज डबा घेऊन यायचे, गॅलरीत वारा खात बसायचे आणि ऐकून घ्यायचे.

एकेक करून घरांत दिवे लागले. दिवाळीपर्यंत सगळे. फक्त तिसऱ्या मजल्यावरचा कोपरा काळा.

मी विचारलं, काकी, तुझा दिवस कधी? तर दिवाळीत नको, लक्ष्मी गोंधळते. मग तिच्या भावकीत कुणीतरी गेलं, सुतक. सुतक फिटलं तर मार्गशीर्षातले गुरुवार, उपासाच्या दिवसांत वास्तू कशी घालायची, जेवायला काय घालायचं? मग पौष, त्यात तर कुणीच काही करत नाही. मी म्हटलं, मी स्वतः नारळ आणते, पुरणपोळ्या करते, सगळं माझ्याकडे. ती माझ्या हातावर थोपटून म्हणाली, घाई कशाला वयनी, तुमाला हितं काय तरास हाय का? आणि संध्याकाळी बांगड्याचं तिखलं पाठवून दिलं. मी ते खाऊन विरघळले. मला वाटलं, ह्या लोकांचा माझ्यावर जीव जडलाय. बाईला मी गेलेली बघवत नाही, म्हणून ती दिवा लावत नाही. हे मी ह्यांना बोलूनही दाखवलं. ह्यांनी डब्याचं झाकण फार वेळ पुसलं.

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला कळायला टँकरचा ड्रायव्हर लागला.

पौष संपत आला होता. पाईपलाईनचे पंधरा दिवस अजून चालूच होते. टँकर रिकामा होत असताना ड्रायव्हर माझ्याकडे आला आणि अगदी आदबीने विचारलं की मॅडम, तुम्ही घरी कधी जाणार? मी म्हटलं, का रे बाबा? तर म्हणाला, इंजिनिअरसाहेब बोललेत की मॅडम खाली उतरल्या की इकडची खेप आठवड्याला एक करायची, आणि मग मला माझ्या मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाता येईल.

मी तिथेच चिऱ्यावर बसले. जाग आलेलं प्रशासन, रस्त्यावरचे दिवे, घंटागाडी, एसटी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. यातलं काहीच इमारतीसाठी नव्हतं. नगरसेविका राहते तिथे टँकर जातो. काकीचा नवरा पाणीखात्यात. साहेब काय बोलले ते त्याने त्याच दिवशी घरी सांगितलं असणार. आणि मीच तर राखणदारासमोर सांगून ठेवलं होतं, शेवटच्या घरात दिवा लागेपर्यंत हलणार नाही. मग शेवटचं घर कोण कशाला उजळवेल? पहिल्यांदा माझा संताप झाला. मग वर गॅलरीत ओळीने ठेवलेल्या घागरी दिसल्या. आठवड्याला एक खेप म्हणजे ही सगळी बिऱ्हाडं शिमग्याच्या आत परत खाडीवर, आणि माझ्या पिवळ्या इमारतीत शेळ्या.

काकीला मी काही बोलले नाही. पुढच्या सभेत मात्र उभी राहिले आणि जाहीर केलं की मला कातळावरची हवा मानवली आहे. आता मी कायमची तिथेच राहणार. टँकर एक दिवसाआड पुरत नाही, रोज लागेल. माझ्याकडे पाहुणेही येणार आहेत, सासूबाईही यायच्या म्हणतायत. इंजिनिअरांचा चेहरा पडला. त्यानंतर मी रोज सकाळी चूल पेटवली की त्यांना फोन करायची, पाण्याविषयी नाही, नुसती विचारपूस. आज काय भाजी, मुलं कशी आहेत, पाईप कुठवर आलेत.

आणि त्या दिवसांत काकी जर चुकून म्हणाली, की वयनी, माघ लागला, आता बघू एखादा दिवस, तर मीच म्हणायची, "छे गो, हा आठवडा काही बरा नाही, पंचांग पाहिलंय मी." ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी तिच्या. दोघींपैकी एकही हसली नाही, एवढी शिस्त आम्ही पाळली.

कातळ फोडायला यंत्र आलं. तोवर ते मिळत नाही असं सांगत होते. माघाच्या शेवटी शेवटी पाईप वर पोचला, पंपही बसला. एका दुपारी तळमजल्याच्या नळातून आधी हवा आली, मग लाल गढूळ पाणी, मग स्वच्छ. काकीचा नवरा स्वतः खाली पाणी सोडून धावत वर आला होता, आपण सोडलेलं पाणी आपल्या घरात कसं येतं ते बघायला. तिसऱ्या मजल्यापर्यंत धार चढली तेव्हा काकीने तिच्या खोलीचा नळ चालू ठेवला आणि नुसती बघत उभी राहिली. नणंदेच्या सुनेने ओरडून सांगितलं, पाणी वाया जातंय. काकी म्हणाली, जाव दे एकदा.

तिन्हीसांजेला मी अंगणात उभी होते. वर कोपऱ्यात उजेड झाला. मी कॅलेंडर बघितलं. ऐन अमावस्या होती.

सकाळी मी चूल विझवली, चिरे बाजूला लावले, पिशवी भरली. हे स्कूटर घेऊन आले होते. गावकरांनी नारळ ठेवून राखणदाराला सांगितलं की बाईने शब्द पाळला, आता तिला मोकळं कर. व्हय म्हाराजा. मी या वेळी तोंडातून चकार शब्द काढला नाही. सगळ्या बायका निरोपाला आल्या. काकी सर्वांत शेवटी खाली उतरली. मला वाटलं, आता ही रडणार, आणि मी डोळ्यांना लावायला पदर तयार ठेवला. तिने माझी पिशवी उचलून स्कूटरच्या पुढ्यात ठेवली, मागे सरली आणि म्हणाली,

"वयनी, सुखान जावा. पन येक ध्यानात ठेवा, नळ कोरडा पडला की मी दिवा इजवनार. तुमची खोली आमी कुनाला दिलेली नाय."